दहा महिने घरचा रेड ५ वापरून: दोन डिस्क एकदम गेल्या तेव्हा

मालवणला राहतो, लग्नाचे फोटो आणि स्कूबाचे व्हिडिओ हे पोटापाण्याचं काम, आणि हौस म्हणून गेली काही वर्षं जत्रांमधली दशावतारी नाटकं रेकॉर्ड करून ठेवलीत. हे सगळं सुट्या हार्डडिस्कांवर पसरलेलं होतं म्हणून गेल्या दिवाळीत एक जुना पीसी घेऊन त्यावर लिनक्स टाकलं आणि ४ टीबीच्या चार डिस्क लावून लिनक्समधल्या एमडीअ‍ॅडमने रेड ५ केला, म्हणजे चारही मिळून एकच मोठी डिस्क, त्यातली एका डिस्कइतकी जागा दुरुस्तीच्या माहितीला जाते. १२ टीबी मिळतात, कॉम्प्युटर १०.९ दाखवतो, घाबरू नका, मोजायची पद्धत वेगळी एवढंच.

पीसीत जागा नव्हती म्हणून दोन-दोन डिस्कचे दोन यूएसबी डबे घेतले. इथेच माती खाल्ली. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी चालतं हे मी सगळ्यांना सांगत फिरायचो, पण प्रत्येक डब्याला एकच अडॅप्टर म्हणजे एक प्लग निघाला की दोन डिस्क एकदम, हे डोक्यातच आलं नाही. वर पीसी यूपीएसवर आणि डबे मात्र भिंतीच्या साध्या बोर्डवर, का ते विचारू नका.

बाकी आठ-नऊ महिने मस्त चाललं. पावसात लाइट जाईल असं वाटलं की मीच आधी सगळं नीट बंद करायचो. खारा वारा मात्र सोडत नाही, एका केबलच्या टोकाला गंज धरला, ती बदलली.

मग चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुंबईहून चुलतभाऊ आला. मखराची माळ लावायची होती, सॉकेट रिकामं नाही, त्याने सरळ एक प्लग काढला. मी आतल्या खोलीत एका लग्नाचे फोटो कॉपी करत होतो, अचानक एररची रांग. बाहेर येऊन बघतो तर मखर झगमगतंय. तो म्हणतो, "अरे तो काळो डबडो काय कामाचो म्हणान काढलंय." सणाचा दिवस, काय बोलणार.

प्लग परत लावला तरी चार डिस्कचा गट म्हणजे अ‍ॅरे उठला नाही. डिस्क दिसत होत्या पण लिनक्सने दिलेली नावं बदललेली, एसडीडी-एसडीईच्या जागी एसडीएफ-एसडीजी, आणि रेडची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये चारपैकी दोनच. तेव्हा हात अक्षरशः थरथरत होते आणि नेटवर कुणीतरी लिहिलेलं "नवीन क्रिएट करा" (म्हणजे रेड पहिल्यापासून बनवा) दिसलं, तेवढं केलं नाही हे नशीब. क्रिएटमध्ये डिस्कचा क्रम, चंक साइज (डेटाचे तुकडे केवढे) किंवा डेटा ऑफसेट (डेटा डिस्कवर कुठून सुरू होतो) जरा इकडचा तिकडे झाला आणि त्यावर रिसिंक (डिस्कांचा मेळ नव्याने लावणं) सुरू झाला की होता तो डेटाही जातो.

आधी डिस्कच्या तब्येतीचा स्मार्ट रिपोर्ट बघितला, चारही डिस्क ठणठणीत. मग प्रत्येकीवर एक्झामिन, म्हणजे तिच्यावर लिहिलेली रेडची नोंद वाचणं. उरलेल्या दोघींचा इव्हेंट काउंट (रेडमधल्या बदलांचा आकडा) ४१२०८, निघालेल्या दोघींचा ४११९६. फक्त बाराचा फरक, आणि त्या दोघी अजून स्वतःला चौघींत समजत होत्या कारण बिचाऱ्यांना सांगायला कोणी उरलंच नव्हतं. हे बघितलं आणि जीवात जीव आला. अर्धवट उठलेला अ‍ॅरे स्टॉप केला, मग असेंबलला (गट परत जोडायची आज्ञा) फोर्स (आकडे जुळत नसले तरी जोड) आणि रीडओन्ली (काही लिहू नको) दोन्ही लावून चारही पार्टिशन दिली. क्रम लक्षात ठेवायची गरज नाही, कोण कितवी ते डिस्कवरच लिहिलेलं असतं. चारही आल्या. फाइल सिस्टीम तपासणाऱ्या एफएससीकेला आधी नुसतं बघायला सांगितलं, काही बदलायचं नाही म्हणून, मग रीडओन्ली माउंट करून (म्हणजे फाइल्स नुसत्या वाचायला उघडून) दशावताराचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर घेतलं, बाकी कशाची मला पर्वा नव्हती. नंतरच लिहायला मोकळं केलं, रिसिंक रात्रभर चालला, तोवर बाहेर भजन.

गेलं काय? कॉपी होत असलेलं अर्धं फोल्डर, ते कॅमेऱ्याच्या कार्डावर होतंच.

आता दोन्ही डबे यूपीएसवर आहेत, पण दोन डिस्क एका अडॅप्टरवर हा घोळ तसाच आहे, चार डिस्क पोटात मावतील अशी कॅबिनेट कुडाळला एकाकडे सांगून ठेवलीय. हे डबे घेऊ का असं कुणी विचारलं तर बॅकअपसाठी एकेकटे खुशाल घ्या, रेड ५ साठी नको. दशावताराची एक कॉपी आता रत्नागिरीला मावशीकडे असते. भावाला पुढच्या वर्षासाठी पाच मीटरचं एक्स्टेंशन घेऊन ठेवलंय.