वेल्श पबमध्ये दुपारी काय मागवावं: काउल की रोस्ट?
आईबाबा आणि मुलांना घेऊन वेल्सला निघालेल्या मैत्रिणीला पडलेला हा पेच.

काउल म्हणजे मटण, लीक (कांद्याच्या पातीसारखी भाजी), बटाटा, गाजर यांचा पातळ रस्सा. सोबत पाव आणि केअरफिली चीज. खिशाला परवडतो, पटकन येतो, बाबांच्या दातांनाही सोपा. तिखटाच्या नावाने मात्र शंख!

रोस्ट म्हणजे भाजलेल्या मांसाचं ताट. महाग, बहुधा रविवारीच, टेबलही आधी राखावं लागतं. पण लॅम्ब, भाजलेले बटाटे, ग्रेव्ही, पुदिन्याचा सॉस... ताट भरून वाहतं.

शाकाहारी आईसाठी रेअरबिट, म्हणजे टोस्टवर चीजचा सॉस? त्यात वुस्टर सॉस आहे का विचारून घे, त्या सॉसमध्ये बहुधा अँकोव्ही मासा असतो.

गोडात ‘बारा ब्रिथ’ हा चहात भिजवलेल्या मनुकांचा गोड पाव मोठ्यांना, गरम क्रम्बल (खुसखुशीत चुऱ्याखाली भाजलेली फळं) आणि कस्टर्ड मुलांना. भटकंतीच्या दिवशी काउल. निवांत रविवारी, भूक राखून, रोस्टच.