शिकाऊ आरसी विमानातला जायरो: पाच महिन्यांनंतर

दिवाळीत सोयाबीन निघालं, निपाणीजवळचं आमचं शिवार मोकळं झालं आणि मी विमान उडवायला घेतलं. आरसी म्हणजे रिमोटवर उडणारं. फोमचं, 500 मि.मी. पंखांचं, चार चॅनेलचं म्हणजे रिमोटवरून चार गोष्टी हाताळता येणारं, आत जायरो, म्हणजे विमानाचा झुकाव ओळखून ते सावरणारा सेन्सर. आता गुढीपाडवा होऊन गेला.

जायरो नसता तर पहिल्याच आठवड्यात मी नाद सोडला असता. विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि नवा माणूस तिथंच घाबरतो. शेजारून पुतण्या ओरडायचा, "काका, सोडा की स्टिक!" शिकाऊ मोडमध्ये स्टिक (रिमोटवरची दांडी) सोडली की पंख आपोआप सपाट होतात, तेवढ्यात डोकं ठिकाणावर येतं.

बॅटरी जोडताना मात्र विमान जमिनीवर सपाट आणि स्थिर ठेवा. सपाट म्हणजे काय, हे जायरो त्याच काही सेकंदांत ठरवतो. मी दोनदा हातात तिरकं धरून जोडली. विमान सारखं डावीकडे ओढायचं आणि मी बिचाऱ्या ट्रिमशी (रिमोटवरच्या बारीक जुळवणीशी) झगडत बसलो. उडवण्याआधी उजवा पंख हाताने खाली झुकवून बघा, उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) खाली गेलं पाहिजे. वर गेलं तर जायरो उलटा जोडलाय, उडवूच नका.

जायरोला सगळं कळतं असंही नाही. थ्रॉटल (मोटरचा जोर) कमी करून नाक वर ओढत राहिलात तर वेग मरतो आणि पंख सपाट असूनही विमान धपकन बसतं.

माझी खरी चूक वेगळीच. दोन महिने मी शिकाऊ मोडवरच राहिलो. मग जायरो बंद करून वळण घेतलं आणि सवयीने स्टिक सोडली. पंख झुकलेलेच राहिले, नाक खाली गेलं, विमान थेट हरभऱ्यात! वळणातून बाहेर यायला उलट एलेरॉन द्यावं लागतं, हे माझ्या हाताला कधी शिकावंच लागलं नव्हतं.

म्हणून सांगतो, आठ-दहा उड्डाणांनंतर मधल्या मोडवर या. माझ्या विमानात तो झुकण्याला मर्यादा घालतो, पण सरळ आपल्यालाच करावं लागतं. बोट मोडच्या स्विचवर ठेवा, शिकाऊ मोड फक्त सुटकेसाठी. उडवायचं ते उन्हं चढायच्या आत, वारा पडलेला असताना. बेळगावकरांनी सांबऱ्याचा विमानतळ ध्यानात ठेवून आधी डिजिटल स्कायचा, म्हणजे ड्रोन कुठे उडवता येतात ते दाखवणारा सरकारी नकाशा बघावा, मगच माळ निवडावा.

पुतण्याला मी दुसऱ्या आठवड्यातच मधल्या मोडवर आणलं. परवा त्याने जायरो बंद ठेवून बांधालगत विमान अलगद उतरवलं.