लहान मुलांना घेऊन हिमालयात: फुलांची घाटी की तीर्थन?

उत्तराखंडातली फुलांची घाटी (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) बघण्यासारखी आहेच, त्यात वादच नाही, पण मुलं पाच-सहा वर्षांची असतील तर मी म्हणेन आधी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या बाजूला, तीर्थन खोऱ्यात जा. दोन्ही युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, घाटी २००५ पासून आणि हिमाचलचा हा पार्क २०१४ पासून.

घाटीत रात्री राहता येत नाही, मुक्काम जवळच्या घांघरिया गावात, तेही ३००० मीटरच्या वर, तिथपर्यंत खेचर मिळतं पण घाटीत खेचरं नेऊ देत नाहीत, म्हणजे पोरगं दमलं की कडेवर किंवा पिट्ठूच्या, म्हणजे हमालाच्या, पाठीवर. आणि फुलांचा खरा बहर जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन पावसात, तेव्हा दरड पडून रस्ता बंद झाला की सगळं प्लॅनिंग कोलमडतं.

तीर्थनला गुशैणी गावापर्यंत गाडी जाते, होमस्टे नदीकाठी, पोरं दगडगोट्यांवर बसून थंडगार पाण्यात पाय सोडून तासन्तास रमतात. पार्कच्या आत मात्र गाडीरस्ता नाही, परमिट काढून चालतच जायचं, जमेल तेवढं चालायचं आणि परत फिरायचं. मे नाहीतर ऑक्टोबर बघा. मुलं दहा-बाराची आणि चालणारी असतील तर मात्र बिनधास्त घाटी गाठा.