डिस्चार्जनंतर कुठे? निवारा, आश्रम की इस्पितळाजवळची खोली

बेघर रुग्णांसाठी काही करावं असं तुमच्या ट्रस्टच्या मनात असेल, तर पैसे कुठे घालायचे हे आधी ठरवावं लागेल. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं: रोज ड्रेसिंग, पाय कोरडा ठेवणे, पंधरा दिवसांनी ओपीडी. ते कार्ड घेऊन माणूस एसटी स्टँडवर जाऊन पडतो. आपल्याकडच्या पावसात तिथे पाय कोरडा राहील कसा?

सरकारी निवाऱ्यावर कोकणात फार भिस्त ठेवता येत नाही. केंद्राच्या शहरी बेघरांसाठीच्या योजनेत ठरवलेलं प्रमाण होतं दर 1 लाख शहरी लोकसंख्येमागे एक निवारा. 2011 च्या जनगणनेत अख्खं रत्नागिरी शहर 76 हजारांच्या आसपास होतं. शिवाय निवाऱ्यात अंथरूण मिळालं, तरी जखम कोण बघणार?

आश्रमांचं काम मोठं आहे. सिंधुदुर्गातल्या पणदूरचा संविता आश्रम निराधारांना सांभाळतो. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची (मॅगसेसे, 2018) श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवते. ज्याला स्वतःचं नावगाव सांगता येत नाही, त्याच्यासाठी हाच मार्ग. पण होडीवरच राहणाऱ्या नेपाळी खलाशाचा मे महिन्यात पाय मोडला, तर? 1 जूनपासून मासेमारी बंद, म्हणजे काम गेलं आणि झोपायची जागाही. त्याला आश्रम नको, हाड जुळेपर्यंत आसरा हवा.

म्हणून माझं मत खोलीच्या बाजूने. इस्पितळापासून जवळ, तळमजल्यावर, तीन-चार खाटा, कमोड, दोन वेळचं जेवण, एक मावशी आणि दिवसाआड येणाऱ्या निवृत्त सिस्टर. फ्रीज हवाच, इन्सुलिन थंड राहायला हवं, आणि ते टोचल्यावर वेळेवर जेवणही मिळायला हवं. फुटपाथवर यातलं काहीच जमत नाही. इंग्लंडमध्येही उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस (NICE) या संस्थेने 2022 मध्ये बेघरांसाठी अशीच मधली सोय सुचवली. तिथल्या इस्पितळांवर 2018 पासून बंधन आहे, की बेघर रुग्ण आढळला तर त्याच्या संमतीने स्थानिक प्रशासनाला कळवायचं. आपल्याकडे वॉर्डातल्या समाजसेवा अधीक्षकांनी रुग्ण दाखल होतानाच तुम्हाला फोन करावा, एवढं तरी ठरवून घ्या. डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळी कळून उपयोग नसतो.

खोलीची खरी अडचण पुढची. बरा झालेला माणूस जाणार कुठे? त्याची सोय झाली नाही, तर महिनाभरात खाटा अडतील. त्यामुळे भाडेकरार करण्याआधी एखाद्या आश्रमाशी बोलून ठेवा, आणि गावी परतू पाहणाऱ्यांच्या रेल्वे तिकिटाचे पैसे वेगळे काढा. खोलीइतकी ऐपत नसेल, तर निदान सिस्टरांचं मानधन आणि ड्रेसिंगचं सामान आजपासून सुरू करा.