साठीनंतर आर१५: हँडलच्या आधी सीटकडे बघा

आर१५ मोटारसायकलच्या सीटच्या पुढच्या टोकाखाली दोन बोटं जाड फोम घातला आणि माझ्या करंगळीतल्या मुंग्या थांबल्या. ग्रिप बदलल्या, जाड हातमोजे घेतले, हँडल उंच करणारे ब्रॅकेट बसवले, तेव्हा त्या थांबल्या नव्हत्या. सगळ्यात गरजेचं काम सगळ्यात शेवटी झालं. निदान दुसऱ्या कुणाचे पैसे योग्य क्रमाने खर्च व्हावेत, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी यामाहा आर१५ व्ही३. इंजिन, व्हीव्हीए (वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा), मायलेज यावर काही लिहीत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. मुलाची गाडी. तो बंगळुरूला गेला आणि ती पार्किंगमध्ये धूळ खात होती. विकायला काढली तेव्हा जे भाव सांगितले गेले, ते ऐकून मीच चालवायला घेतली. शिवाय २००८ साली पहिली आर१५ आली तेव्हापासून ती मनात होती. त्या वेळी घराचे हप्ते चालू होते. आता साठी उलटली आहे, उंची पाच फूट सहा इंच, आणि आयुष्यभर स्प्लेंडरवर सरळ बसायची सवय.

आर१५ वर पुढे वाकून बसावं लागतं, हा गाडीचा दोष नाही. ती तशीच बनवली आहे. ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे वारा छातीवर येतो, तो शरीराला थोडं मागे रेटतो आणि हातांवरचं वजन हलकं होतं. त्यामुळे साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीच्या बोगद्यापर्यंत मला फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो गावात. राजवाडा ते पोवई नाका, स्पीडब्रेकर, रिक्षा, अर्धा क्लच. तिथे वारा नसतो आणि कमरेवरचं सगळं वजन तळहातांवर येतं.

कोणती बोटं बधिर होतात हे आधी नीट बघा. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं असतील तर मनगटाच्या मधली नस दबते आहे, म्हणजे बहुतेक मनगट वाकलेलं राहतंय. करंगळी आणि अनामिका असतील तर तळहाताच्या बाहेरच्या कडेवर भार येतोय. मला दोन्ही होतं. फिजिओथेरपिस्टने हे समजावून सांगितलं, तेव्हा कुठे हे दोन वेगळे त्रास आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत हे ध्यानात आलं.

पहिल्या त्रासाचा उपाय फुकट आहे. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे बोल्ट सैल करून दोन्ही लिव्हर थोड्या खाली फिरवायच्या. गाडीवर नेहमीसारखं बसून बोटं सरळ पुढे केली की ती लिव्हरवरच पडली पाहिजेत, मनगट वर मोडायला नको. लिव्हर फार खाली गेली तर हँडल पूर्ण वळवताना फेअरिंगला, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या आवरणाला टेकते, तेवढं तपासा. अंगठ्याकडच्या मुंग्या एवढ्यानेच गेल्या.

मग ब्रॅकेट. पुण्यातल्या एका ॲक्सेसरीच्या दुकानातून घेतले. हँडल साधारण इंचभर वर येतं. दुकानदार म्हणाला, काहीही न बदलता बसतं. बसवल्यावर हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं की पुढच्या ब्रेकचा पाइप तारेसारखा ताणला जात होता. फोन केला तर उत्तर मिळालं, "काका, थोडं चालतं, आणि लावलेला माल आम्ही परत घेत नाही." ब्रेकच्या बाबतीत थोडंही चालत नाही, हे गाडीचे पार्ट विकणाऱ्याला सांगावं लागतं याची मला आजही चीड येते. शेवटी आमच्या मेकॅनिकने पाइपची क्लिप सोडून त्याचा मार्ग बदलला, तेव्हा पुरेशी ढील मिळाली. तुम्ही असं काही बसवलं तर गाडी स्टार्ट ठेवून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. इंजिनचा आवाज वाढला तर ॲक्सिलरेटरची वायर ताणली जातेय, आणि ती गाडी रस्त्यावर नेऊ नका.

एवढं करूनही करंगळी बधिर व्हायची ती व्हायचीच. ब्रॅकेटचे पैसे पाण्यात गेले असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. आता तसं म्हणणार नाही. कारण चष्मा. वाकून बसलं की मान खाली जाते आणि समोरचं बघायला डोळे वर करावे लागतात. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर. नजर काचेच्या वरच्या काठावरून, फ्रेमच्या बाहेर जायची आणि लांबची पाटी धूसर दिसायची. ते टाळायला मी मान आणखी मोडायचो, मग संध्याकाळी खांद्यापर्यंत दुखणं. हँडल इंचभर वर आल्यावर नजर काचेच्या मधून जायला लागली आणि मानेचं दुखणं निम्म्याहून कमी झालं. चष्मेवाल्यांनी ब्रॅकेट जरूर घ्यावेत. पण मानेसाठी घ्यावेत, हातांसाठी नव्हे.

हातांचं खरं दुखणं सीटमध्ये होतं. सीटला पुढे टाकीकडे उतार आहे. दर ब्रेकला माणूस इंचभर पुढे घसरतो, आणि घसरू नये म्हणून नकळत हातांनी स्वतःला मागे ढकलत राहतो. विशीतला पोरगा मांड्यांनी टाकी आवळून धरतो, त्याच्या पोटात आणि कमरेत ताकद असते. माझ्या वयाला ते गावच्या ट्रॅफिकमध्ये तासभर जमत नाही. म्हणजे उतार काढणं एवढंच हातात राहतं. बाजारात हे कुणी विकत नाही. सगळे जेलच्या गाद्या विकतात, आणि त्या एप्रिलच्या उन्हात इतक्या तापतात की बसवत नाही.

आमच्या इथल्या सीटवाल्याला गाडीवर बसून दाखवलं, कुठे घसरतो ते खडूने आखून दिलं. त्याने रेक्झिन काढून पुढच्या टोकाखाली पाचरीसारखा फोम घातला, पुढे दोन बोटं, मागे शून्यावर येणारा. पहिल्यांदा मऊ फोम घातला. तो काही आठवड्यांत बसला आणि उतार परत आला. दुसऱ्यांदा खाली कडक फोम आणि वर पातळ मऊ थर. कडकच घ्या. मऊ गादी दुकानात बरी वाटते, पण तासाभराने बैठकीची हाडं तिच्यात रुतून खालच्या कडक तळाला लागतात. वरचं रेक्झिन गुळगुळीत नको, खरबरीत हवं. टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी पॅडही चिकटवले, त्यांनी गुडघ्यांना पकड मिळते. दोन्ही वेळचं मिळून काम दोन हजारांच्या आत झालं.

सबंध सीट मात्र उंच करू नका. मूळची ८१५ मिलीमीटर आहे. अख्खी उचलली तर गुडघे मोकळे होतात, पण हँडल तेवढंच खाली राहिल्यामुळे हातांवर आणखी भार येतो आणि सिग्नलला पाय टेकायची पंचाईत होते.

यामाहाचीच एमटी-१५ घ्या असं अनेकांनी सुचवलं. इंजिन तेच, हँडल सरळ, हे मान्य. पण ही विकण्यात आणि ती घेण्यात जाणारे पैसे या सगळ्या खर्चाच्या कित्येक पट आहेत, आणि हायवेला फेअरिंगमागे जो आडोसा मिळतो तो तिच्यावर नाही.

टायरमधल्या हवेकडेही लक्ष द्या. पंपावरचे पोरगे न विचारता चाळीस भरतात, मग प्रत्येक खड्डा मनगटात येतो. कंपनीने स्टिकरवर लिहिलेलीच भरायला सांगा.

बायको मागे बसत नाही. ती मागची सीट कुणाच्याच वयाला योग्य नाही.

दोन गोष्टी अजून सुटलेल्या नाहीत. नव्या शिलाईतून पाणी आत शिरतं. पावसात कासला जाऊन आलो तेव्हा फोम दोन दिवस ओला राहिला. सीटवाला आता रेक्झिनखाली प्लास्टिक घालून देणार आहे. आणि गुडघे. फूटरेस्ट खाली घेणाऱ्या प्लेट मिळतात, पण त्याबरोबर गिअर आणि मागच्या ब्रेकचं पेडलही खाली सरकवावं लागतं, आणि यवतेश्वरच्या घाटात वळणावर गाडी कलली की फूटरेस्ट घासायची भीती. त्यामुळे त्यावर अजून पैसे घातलेले नाहीत. तासाभराने चहाला थांबतो, पाय मोकळे करतो आणि पुढे निघतो.