लघुप्रबंधाला मॅकबेथ घ्यावं की घाशीराम?

‘महत्त्वाकांक्षा आणि अधःपतन’ असा विषय डोक्यात घेऊन लातूर, परभणी किंवा अंबाजोगाईच्या कॉलेजात एम.ए. करणाऱ्याला दोन नाटकं हमखास खुणावतात: शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ आणि तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’. दोन्हींत माणूस चढतो आणि आदळतो, पण प्रश्न एक नाही. हाव सुटल्यावर माणसाच्या आत काय होतं, हे मॅकबेथ दाखवतं. त्याला चढवलं कुणी आणि पाडलं कुणी, हे घाशीराम दाखवतं. आपला प्रश्न कुठला ते आधी ठरवा. ‘सोपं कुठलं’ म्हणून निवड केली, तर तिसऱ्या प्रकरणात गाडी रुतते.

मॅकबेथची मोठी सोय म्हणजे पुरावा. साधारण १६०६ सालचं, १६२३च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित संग्रहात) पहिल्यांदा छापलेलं हे नाटक सुमारे २१०० ओळींचं. हॅम्लेट जवळजवळ त्याच्या दुप्पट. शिवाय नायक सारखा स्वतःशी बोलतो, त्यामुळे इच्छा कुठल्या ओळीला उगवली ते बोट ठेवून सांगता येतं. पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश उघडा. चेटकिणी ‘तू राजा होशील’ एवढंच म्हणतात, खुनाचं नावही काढत नाहीत. तरी मॅकबेथ दचकतो. सोबतचा सरदार बँको विचारतो, इतकं गोड ऐकून घाबरलास का? खुनाचा विचार कुणाचा, हे त्या दचकण्यात कळतं. ‘चेटकिणींनी नादी लावलं’ हे वाक्य गाइडातून उचलणाऱ्याने हा प्रवेश वाचलेला नसतो. ‘बायकोने बिघडवलं’ हे त्याचंच भावंड.

मग सातव्या प्रवेशातलं २८ ओळींचं स्वगत. राजा डंकनला न मारण्याची कारणं मॅकबेथ स्वतः मोजतो: नात्यातला, आपला राजा, आपल्या घरी आलेला पाहुणा, वर भला माणूस. मारायला कारण एकच उरतं, महत्त्वाकांक्षा. तिला तो जी उपमा देतो ती घोड्यावर मांड टाकताना नको इतकी उंच उडी घेऊन पलीकडे पडणाऱ्या स्वाराची. म्हणजे चढण्याआधीच त्याला पडणं दिसलेलं आहे. प्रबंधाचा कणा इथे.

अधःपतन शेवटच्या तलवारबाजीत शोधू नका. तिसऱ्या अंकात बँकोचा काटा काढायचं तो बायकोला न सांगता ठरवतो; घसरण तिथून मोजा. पाचव्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात तो हिशेब मांडतो: म्हातारपणी मान, माया, आज्ञेतली माणसं, मित्रांचा गोतावळा मिळायचा, त्यातलं आपल्या वाट्याला काही नाही. लेडी मॅकबेथ दुसऱ्या अंकात खुनाचं रक्त धुवायला ‘थोडं पाणी पुरे’ म्हणते आणि पाचव्यात झोपेत हात चोळत राहते. तिथे तिची भाषाही पद्यातून गद्यावर येते. भाषांतर वाचणाऱ्याच्या हातून नेमकं हे सुटू शकतं.

अडचण इंग्रजीची, आणि ती खरी आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी टिपा समोरच्याच पानावर देणारी फोल्जरची आवृत्ती घ्यावी. शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ (१९५४) सोबत वाचा, पण ते रूपांतर आहे. त्यातली ओळ शेक्सपिअरच्या नावावर खपवली की परीक्षकाच्या हाती कोलीत.

घाशीराममध्ये भाषा आडवी येत नाही. सप्त्याच्या कीर्तनात आणि नाथांच्या भारुडात वाढलेल्या मराठवाड्यातल्या पोराला त्याची चाल लगेच सापडते. कीर्तनाला चाललो म्हणणाऱ्या ब्राह्मणाला सूत्रधार बावनखणीच्या, म्हणजे पुण्यातल्या कलावंतिणींच्या वस्तीच्या, वाटेवर गाठतो, ती गंमत समजावून सांगावी लागत नाही. पण इथे नायकाचं मन उघडं नाही. १६ डिसेंबर १९७२ला पुण्यात पहिला प्रयोग झालेल्या या नाटकाचा पुरावा बराचसा नटांच्या शरीरांत आहे: रंगमंचावर उभी ब्राह्मणांची रांग कधी भिंत होते, कधी पडदा. प्रयोग किंवा त्याचं चित्रण न बघता नुसत्या संहितेवर लिहिलं, तर प्रकरण कोरडं होतं.

दुसरी चूक म्हणजे घाशीरामला अ‍ॅरिस्टॉटलच्या शोकांतिकेच्या साच्यात कोंबणं. चोरीचा आळ, मार आणि अपमान सोसलेल्या या कनोजी ब्राह्मणाला आधी सूड हवा असतो, सत्ता हे त्याचं साधन. त्यासाठी तो पोटची गौरी पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांच्यापुढे ठेवतो आणि पुण्याची कोतवाली मिळवतो. नाना त्याला पुरते ओळखून असतात. आपली पापंही आता कोतवालाच्या खाती जमा होणार, हे त्यांचं गणित. म्हणून ‘महत्त्वाकांक्षी कोण?’ या प्रश्नाला इथे दोन उत्तरं लिहावी लागतात. मॅकबेथनंतर डंकनचा मुलगा माल्कम गादीवर येतो, राज्य बदलतं. घाशीराम ठेचला जातो आणि नाना जागच्या जागी. इतिहास उकरत बसू नका: खरा घाशीराम १७९१ला मारला गेला, एवढी तळटीप पुरे. (मराठवाडा तेव्हा बराचसा निजामाकडे होता. पेशवाईचा अभिमान आणि राग दोन्ही जरा लांबून बघता येतात, ही आपली सोयच.)

वही दोन्हींसाठी वेगळी आखा. मॅकबेथला चार रकाने: अंक-प्रवेश, बोलणारा, इच्छेचा शब्द, त्याची किंमत. घाशीरामला: कोण देतो, कोण घेतो, रांग कुठे उभी, गाणं कुठलं. २५ नोंदी झाल्याशिवाय पहिलं प्रकरण लिहू नका.

पन्नासेक पानांचा प्रबंध आणि इंग्रजी बरं असेल तर आमचं मत मॅकबेथला. नाट्यशास्त्राचे विद्यार्थी असाल, प्रवेश उभा करून बघायला दहाबारा पोरं हाताशी असतील, तर घाशीराम. दोन्ही घ्यायचीच असतील, तर अख्खी नाटकं शेजारी मांडू नका, एकेक प्रवेश घ्या: मॅकबेथच्या मेजवानीत बँकोचं भूत येऊन बसतं तो, आणि लेक मेल्यावर घाशीराम नानांवर चालून जातो, पण नाना नुसत्या बोलण्याने त्याला गार करतात तो.