मुंबई–गणपतीपुळे–मालवण–गोवा: भाड्याची गाडी की रेल्वे?

सहा रात्रींची सहल धरू. दोन गणपतीपुळ्यात, दोन मालवणात, दोन गोव्यात. निघायचं मुंबईहून आणि परतही मुंबईलाच. अशी सहल ठरली की घरात पहिला वाद खोलीवरून नाही, वाहनावरून होतो. माझं मत आधीच सांगतो: उत्तर-दक्षिण अंतर रेल्वेने कापा, किनारा गाडीने पाहा. मात्र हे सगळ्यांना लागू नाही, म्हणून सविस्तर.

रेल्वे समुद्राजवळून जात नाही

नकाशात कोकण रेल्वेची रेघ किनाऱ्याला चिकटलेली दिसते. प्रत्यक्षात गणपतीपुळ्याला स्टेशन नाही, मालवणलाही नाही. रत्नागिरी स्टेशन शहरापासूनच दूर आहे. तिथून गणपतीपुळे तीसेक किलोमीटर. कुडाळहून मालवणही साधारण तेवढंच. कोकणातल्या गावाला रेल्वेने जायचं म्हणजे शेवटचा तासभर रिक्षा, एसटी किंवा भाड्याची गाडी आलीच. हा खर्च धरला नाही तर रेल्वे उगाच फार स्वस्त वाटते.

वंदे भारत पहाटे सीएसएमटीहून सुटते आणि मडगावला पावणेआठ तासांच्या आसपास पोहोचते. वाटेत ती खेड, रत्नागिरी, कणकवली आणि थिवी इथे थांबते. कुडाळला थांबत नाही. मालवणवाल्यांनी तिने जायचं तर कणकवलीला उतरावं लागतं आणि रस्त्याचं अंतर वाढतं. मांडवी एक्सप्रेस हळू आहे, पण दिवसाची आहे, कुडाळला थांबते आणि तिच्यातल्या खाण्याचं कौतुक उगाच होत नाही. सुट्टीवरच निघालोय तर मी मांडवीच निवडेन. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि चौसष्ट मीटर उंचीचा पानवलचा पूल हायवेवरून दिसत नाहीत.

भाड्याच्या गाडीचं गणित

मुंबईहून स्वतः चालवायची गाडी घेतली तर दिवसाचं भाडं, डिपॉझिट, किलोमीटरची मर्यादा आणि टोल हे सगळे विचारतात. फार थोडे विचारतात तो प्रश्न असा: गाडी परत कुठे द्यायची? बहुतेक ठिकाणी जिथून घेतली तिथेच. म्हणजे गोव्याला पोहोचून सहल संपत नाही. तोच सुमारे सहाशे किलोमीटरचा रस्ता उलटा चालवावा लागतो, तोही सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, उद्या ऑफिस आहे हे डोक्यात ठेवून. लिटरला १५ किलोमीटर धरले तर एका बाजूचं पेट्रोल ४० लिटर, फिरणं वेगळंच.

दुसरी गोष्ट, गाडी उभी असली तरी भाडं चालू असतं. सिंधुदुर्ग किल्ल्यावर तुम्ही होडीने जाता, तारकर्लीला दिवस पाण्यात जातो, गणपतीपुळ्यात देऊळ आणि किनारा पायी होतो. सहापैकी दोन-तीन दिवस गाडी नुसती उन्हात तापते.

आणि रस्ता. सिंधुदुर्गातला चौपदरी पट्टा उत्तम. कशेडी घाटात बोगदा झाल्यामुळे तिथला त्रासही बराच कमी झाला. पण माणगाव आणि पुढे संगमेश्वर या भागांतली कामं इतकी वर्षं रखडली आहेत की कोकणी माणूस त्यावर आता चिडतही नाही, फक्त एक तास आधी निघतो.

तरीही गाडी जिंकते ती एका टप्प्यात

रत्नागिरी ते मालवण. रेल्वेने हे अंतर अडीच-तीन तासांत संपतं आणि समुद्राचा थेंब दिसत नाही. गाडीने किनाऱ्याचा रस्ता धरला तर पावस, पूर्णगड, आडिवरे, जैतापूर, मग वाघोटणची खाडी ओलांडून विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा आणि मालवण. अख्खा दिवस जातो आणि जायलाच हवा. रस्ता अरुंद, वळणाचा, काही ठिकाणी खडबडीत. आदल्या दिवशी गणपतीपुळ्याहून आरे-वारेचा रस्ता झाला असेल तर दोन दिवसांत कोकणातला सगळ्यात देखणा किनारा डोळ्यांखालून जातो. यासाठी ड्रायव्हरसकट गाडी घ्यावी असं मी म्हणेन. चालवणाऱ्याला समुद्र दिसत नाही. त्याला समोरून येणारी एसटी दिसते. रत्नागिरीत स्वतः चालवायची गाडी मिळवायला शोधाशोध करावी लागते, ड्रायव्हरवाली मात्र मुक्कामाच्या ठिकाणी काका-काकूंना आदल्या दिवशी सांगितलं की दारात येते. ती मालवणला सोडून रिकामी परत जाणार, तेव्हा परतीचं भाडं तुमच्याकडून घेतलं जाईल. हे आधी बोलून घ्या.

गोव्यात चित्र उलटं. तिथे टॅक्सी महाग आणि घासाघीस कटकटीची, स्वतः चालवायची गाडी मात्र सहज मिळते. थिवीला उतरलात तर उत्तर गोवा, करमळीला तर पणजी, मडगावला तर दक्षिण. गाडी त्या बेताने ठरवा. गाडीच्या नंबरची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना, ते बघा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदेशीर आहे आणि पोलिसांनी अडवलं की तुमचा अर्धा दिवस जातो.

काहीजण रो-रोचं विचारतात. ऑगस्ट २०२५ मध्ये, गणपतीच्या तोंडावर, कोकण रेल्वेने रायगडमधल्या कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्याला मोटारी रेल्वेवर चढवून न्यायला सुरुवात केली. तेव्हा एका मोटारीचे ७,८७५ रुपये होते. कल्पना झकास, पण या सहलीला निरुपयोगी, कारण कोलाडहून थेट वेर्ण्याला गेलं तर गणपतीपुळे आणि मालवण दोन्ही मागेच राहतात.

मग कोणी काय घ्यावं

दोघंच असाल तर रेल्वे, विचारही करू नका. चार-पाच जण आणि सोबत लहान मुलं असतील तर पैशांत गाडी बरोबरीला येते, कधी स्वस्तही पडते. पण गाडी चालवणारे दोघं हवेत. आई-बाबा सत्तरीचे असतील तर लोकांना गाडी सोयीची वाटते. मला तसं वाटत नाही. दहा-बारा तास सीटवर अवघडून बसण्यापेक्षा रेल्वेत उठता-बसता येतं, बाथरूम जवळ असतं. फक्त सामान कमी ठेवा, कुडाळला गाडी दोन मिनिटंच थांबते.

जून ते ऑक्टोबरमध्ये रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं. वेग कमी होतो, वंदे भारतलाही दहा तासांच्या आसपास लागतात, फेऱ्याही घटतात. भर पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, म्हणून मालवणची एक रात्र कमी करून आंबोलीला द्या. तिथे गाडीच लागते, सावंतवाडीहून ड्रायव्हरवाली घ्या.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. पहिलं तिकीट परतीचं काढा, मडगाव ते मुंबई, कारण रविवारी रात्रीची कोकणकन्या सगळ्यांनाच हवी असते. मग जायचं. किनाऱ्याचा दिवस गाडीने करणार असाल तर रत्नागिरी–कुडाळ तिकीट लागतच नाही, आणि कुडाळ–थिवी इतकं जवळ आहे की ते शेवटी काढलं तरी चालतं.